सोने : आधार किती, गुंतवणूक किती?

मराठी घरात सोन्याला जसे दागिन्याचे मोल आहे, तसेच अडीअडचणीच्या आधाराचेही आहे. सुगी साधली की तोळा-दोन तोळे घ्यावे आणि पीक बुडाले की तेच गहाण ठेवून बी-बियाणे आणावे, ही रीत पिढ्यानुपिढ्या चालत आली आहे. तीत शहाणपण नाही, असे कोण म्हणेल? १९९१ साली परकीय चलनाचा साठा आटला, तेव्हा देशालाही सोन्याचाच आधार घ्यावा लागला. रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने त्या वर्षी बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवण्यात आले.

तथापि, आधार वेगळा आणि गुंतवणूक वेगळी. सोन्याचा भाव कधी उतरत नाही, ही समजूत अनुभवाच्या कसाला उतरत नाही. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढले. १९९९ मध्ये ते सुमारे २५० डॉलरपर्यंत उतरले. जुनी पातळी पुन्हा दिसण्यास २००८ साल उजाडावे लागले. भारतात ही मंदी तितकीशी जाणवली नाही, याचे एक प्रमुख कारण रुपयाची घसरण हे होय. याच काळात डॉलर सुमारे ८ रुपयांवरून ४० रुपयांच्या घरात गेला. सोने महागले असे वाटत असताना पुष्कळ अंशी रुपयाच स्वस्त होत होता.

शिवाय दागिना घेताना घडणावळ व कर द्यावा लागतो. तो मोडताना घडणावळ परत मिळत नाही आणि घटही वजा होते. पेटीतले सोने व्याज देत नाही. मुलांच्या शिक्षणाचा किंवा आजारपणाचा खर्च बाजारभाव पाहून दारी येत नाही. सारी शिल्लक सोन्यात अडकविणाऱ्या कुटुंबाला भाव पडलेल्या दिवशीही ते विकावे लागते. कर्ज काढून घेतलेल्या सोन्याच्या बाबतीत तर व्याजाचा भार वेगळाच!

म्हणून बचतीचा काही भाग सोन्यात, उरलेला बँकेत वा टपाल खात्यात, अशी विभागणी हिताची ठरते. खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, शुद्धतेचा अंक व सहा अक्षर-अंकांची ओळखखूण पाहावी आणि पक्की पावती घ्यावी. २२ कॅरटच्या दागिन्यावरील ९१६ हा आकडा हजारात ९१६ भाग शुद्ध सोने दर्शवितो.

ग्रामसभेत पंचायत सदस्यांनी आणि पालकसभेत शिक्षकांनी एवढा हिशेब समजावून दिला, तरी अनेक घरांची पुंजी अधिक सुरक्षित होईल.