पेट्या उचलणाऱ्याचं भाषण

दोस्तहो, मेटल बँडच्या दौऱ्याविषयी बोल म्हणून तुम्ही मला उभं केलंय. पण मी गिटारवाला नव्हे. मी पेट्या उचलणारा.

पोरांना वाटतं, दौरा म्हणजे नुसती धमाल. घंटा धमाल! स्टेजवर तासभर आवाज; बाकी सगळा दिवस ट्रेन, टेम्पो, जिने आणि वाट पाहणं. ड्रम बांधा, सोडा, पुन्हा बांधा. केबल कोपराभोवती गुंडाळली की आतून पिळून तुटते. म्हणून एक वेटोळं सुलटं, एक उलटं घ्यायचं. हे मी शिव्या खाऊन शिकलो. पोस्टरवर आमचं नाव नसतं. एका आयोजकानं तर जेवणाच्या पाकिटांतही आम्हाला धरलं नव्हतं. गायकानं त्याचं अर्धं दिलं, खोटं कशाला बोलू.

आणि झोप! पाठ टेकेल तिथं. बर्थवरून भांडणं. बड्या बँडांनाही हे चुकलं नाही. सप्टेंबर १९८६, मेटालिकाची बस स्वीडनमधून चाललेली. झोपायची जागा कुणाची, यासाठी पत्ते काढले. बेसवाला क्लिफ बर्टन जिंकला. २७ तारखेच्या पहाटे बस उलटली. तो खिडकीतून बाहेर फेकला गेला आणि बस त्याच्यावर पडली. वय २४. पत्ता जिंकून मेला.

परवा ट्रेनमध्ये आमच्या ड्रमवाल्यानं बर्थसाठी पत्ते काढले. मी म्हटलं, "ठेव ते आत, साल्या. खालचा तू घे." मी वर गिटारींशेजारी पाय दुमडून पडलो. सकाळी सहाला पुन्हा पेट्या.