परक्या नाक्यावरचा आपला माणूस

(येलदरी, ता. जिंतूर येथे वाहनचालक व कार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयुष्यभर वर्गात अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला वाहतुकीच्या कायद्यावर बोलण्यासाठी आपण बोलावलेत, याचे प्रथम मलाही आश्चर्य वाटले. मी वकील नाही आणि चालकही नाही. परंतु आपल्यापुढील प्रश्नाचा मी जसजसा विचार करू लागलो, तसतसे माझ्या ध्यानात आले की हा कायद्याइतकाच हिशेबाचा प्रश्न आहे. ‘मी दोषी नाही’ एवढे तीन शब्द न्यायाधीशापुढे उच्चारण्यासाठी गरीब माणसाला किती रुपये मोजावे लागतात, हा तो हिशेब होय.

आपण पूर्णेच्या काठी बसलो आहोत. या धरणातून सुटलेले पाणी गोदावरीला मिळते आणि गोदावरी नांदेड ओलांडून तेलंगणात शिरते. त्याच दिशेने आपल्या भागातील हळद, कापूस आणि सोयाबीन ट्रकमध्ये भरून जाते. आपल्यापैकी कित्येकांची वाहने निजामाबाद, हैदराबाद, बिदर, कलबुर्गी या मार्गांवर महिन्यातून चार चार वेळा असतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ही सारी गावे आणि आपला परभणी जिल्हा एकाच हैदराबाद राज्यात होता, हे आज तरुण कार्यकर्त्यांना सांगावे लागते. माझ्या वडिलांच्या पिढीला निजामाबाद परके नव्हते. भाषावार प्रांतरचना व्हावी ही आपलीच मागणी होती आणि ती योग्यच होती. परंतु सीमारेषा आखताना त्या रेषेवरून रोज ये-जा करणाऱ्या माणसाचे काय होणार, याचा विचार करायचे राहून गेले.

एक उदाहरण सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ बँकेच्या हप्त्यावर घेतलेला एकच ट्रक स्वतः चालवतो. एके दिवशी त्याच्या मोबाइलवर शेजारच्या राज्यातून चलन आले. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल दोन हजार रुपये दंड. सोबत कॅमेऱ्याने टिपलेले छायाचित्र होते आणि त्यातील क्रमांकाचा एक आकडा नीट दिसत नव्हता. ज्या दिवशी हा गुन्हा घडल्याचे म्हटले होते, त्या दिवशी त्याचा ट्रक गिअरबॉक्स खोलून जिंतूरच्या गॅरेजमध्ये उभा होता. मिस्त्रीची पावती होती. फास्टॅगच्या नोंदीत त्या आठवड्यात एकही टोलनाका ओलांडल्याचे दिसत नव्हते. याहून स्वच्छ पुरावा तो कोणता?

तो माझ्याकडे आला आणि आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला. तिकडच्या न्यायालयात जाण्यायेण्याचे भाडे, एका रात्रीचा मुक्काम आणि जेवण मिळून अठराशे रुपये. तीन दिवस ट्रक उभा राहिला तर बुडणारी मिळकत कमीत कमी तीन हजार. अनोळखी गावातील वकिलाची फी तीन हजार. एकूण सात हजार आठशे, आणि तेही पहिल्याच तारखेला निकाल लागला तर. पुढची तारीख पडली की यातील बराचसा खर्च पुन्हा. दुसऱ्या बाजूला मोबाइलवर बोट दाबून दोन हजार भरले की प्रकरण मिटले. तो म्हणाला, “सर, मी खोटे कबूल करतो. मला खरे परवडत नाही.” आणि त्याने पैसे भरले.

त्या राज्याचे नाव मी मुद्दामच घेत नाही. आपल्या महाराष्ट्राच्या नाक्यांवर तेलंगण, कर्नाटक वा तमिळनाडूच्या चालकाला याहून चांगली वागणूक मिळते, असे छातीठोकपणे सांगणारा कोणी या सभेत असेल तर त्याने हात वर करावा. तिकडच्या चालकाच्या हाती मराठीत लिहिलेला कागद पडतो, आपल्या चालकाच्या हाती तेलुगू किंवा कन्नड लिपीतला. ज्या कागदावर आपण सही करतो तो दोघांनाही वाचता येत नाही. म्हणून हा मराठी विरुद्ध तेलुगू असा प्रश्नच नाही. घरापासून दूर असलेला श्रमिक आणि त्याच्या दूर असण्याचा लाभ घेणारी व्यवस्था, असे याचे स्वरूप आहे.

मग कायदा काय म्हणतो? आपल्या समजुतीपेक्षा कायदा पुष्कळ उदार आहे, असे तो वाचल्यावर आढळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम २०८ पाहा. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची शिक्षा आहे, त्याच्या समन्सवर न्यायालयाने असे नमूद केलेच पाहिजे की आरोपीने स्वतः यावे किंवा वकिलामार्फत हजर राहावे. किंवा गुन्हा मान्य असेल तर ठरवून दिलेली रक्कम मनिऑर्डरने पाठवावी. म्हणजे रस्त्यावरच्या लहानसहान गुन्ह्यासाठी माणसाला शेकडो किलोमीटर ओढून नेऊ नये, हे कायदेमंडळाला कळत होते. १९३९ च्या जुन्या कायद्यातही कलम १३० मध्ये अशीच तरतूद होती.

आता कलम २०६. पोलीस अधिकाऱ्याने लायसन ताब्यात घेतले, तर त्याने तात्पुरती पोच दिली पाहिजे आणि त्या पोचेवर चालकाला लायसन परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर नमूद केलेल्या तारखेपर्यंत वाहन चालवता येते. आपल्यापैकी किती जणांनी ही पोच मागितली? मी विचारले तेव्हा बहुतेकांनी ‘लायसन ठेवून घेतले आणि जा म्हणाले’ एवढेच सांगितले. पोच नसेल तर चालक पुढच्या नाक्यावर विनापरवाना ठरतो आणि एका दंडाचे दोन होतात.

तिसरे कलम ११३. गाडीत ठरल्यापेक्षा जास्त माल भरलेला असेल आणि चालक हा मालक नसेल, तर तो गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने घडला असे न्यायालयाला गृहीत धरता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याचा दंड वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास दोन हजार रुपये असा झाला. दोन टन जादा म्हणजे चोवीस हजार. माल कोण भरतो? व्यापारी. भाडे कोण ठरवतो? मालक आणि वाहतूक एजंट. काट्यावर सापडतो कोण? चालक. रक्कम त्या क्षणी मालक भरतो हे खरे, पण पुढे पगारातून आणि भत्त्यातून ती कापली जाते, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. कायद्याने जो बोजा मालकाच्या खांद्यावर ठेवला आहे, तो प्रत्यक्षात चालकाच्या पाठीवर येतो. न्यायालयात या गृहीतकाचा आधार घ्यायला कोणी उभेच राहत नाही, कारण तारखेच्या दिवशी चालक कुठल्या तरी तिसऱ्याच राज्यात असतो.

कोणी म्हणेल की आता ऑनलाइन न्यायालये आली, अंतर संपले. २०१९ साली दिल्लीत वाहतूक चलनांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. २०२० मध्ये आपल्या राज्यासाठी नागपूर जिल्ह्यात काटोल येथे सुरू झाले. ही सोय चांगलीच आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तिची रचना नीट पाहा. दंड भरायचा असेल तर घरबसल्या भरता येतो. दंड मान्य नसेल, तर प्रकरण त्या हद्दीतील नेहमीच्या न्यायालयाकडे जाते आणि अंतराचा प्रश्न होता तिथेच येऊन उभा राहतो. यंत्राने गुन्ह्याची कबुली स्वस्त केली आणि बचाव पूर्वीइतकाच महाग ठेवला. अर्थशास्त्राचा साधा नियम आहे की ज्याची किंमत उतरते त्याचा खप वाढतो. खोट्या कबुलीचाही वाढेल. लोकअदालतीतही दंडाची रक्कम कमी होऊ शकते, पण ती तडजोडीची जागा आहे. ‘मी दोषीच नाही’ या म्हणण्याचा निवाडा तिथे होत नाही.

अमेरिकेतही राज्ये अनेक आणि महामार्ग लांब. तिथेही परराज्यातील चालकाकडून जागेवरच जामिनाची रक्कम घेण्याची रीत होती. १९७७ च्या सुमारास तेथील राज्यांनी आपसात एक करार केला. परराज्यातील चालकाने उत्तर देण्याचे लेखी वचन द्यावे आणि पुढे जावे. त्याने वचन पाळले नाही तर त्याचे स्वतःचे राज्य त्याचे लायसन निलंबित करील. त्या देशाची भांडवलशाही आपल्याला मान्य नाही, पण या व्यवस्थेत चालकावर आधी विश्वास आहे आणि मागाहून जबाबदारी, हे मान्य केले पाहिजे. आपल्याकडे देशभरच्या लायसनांची आणि वाहनांची नोंद संगणकावर एकत्र झालेली आहे. म्हणजे चालकाला गाठण्याचे साधन सरकारजवळ आहे, पण चालकाने आपले म्हणणे आपल्या तालुक्यातून मांडावे, यासाठी तेच साधन वापरले जात नाही.

बाभळी बंधाऱ्याच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांचा वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ साली निकाल लागला. दोन सरकारांचे जमले नाही, तर त्यांना देशातील सर्वोच्च दार ठोठावता येते. त्याच सीमेवर एका चालकाचे आणि एका शिपायाचे जमले नाही, तर चालकाने कुठे जावे?

राज्यघटनेने याचे उत्तर दिलेले आहे. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आले. आर्थिक दुर्बलतेमुळे कोणालाही न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्यातूनच १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि १९९५ पासून तो अमलात आला. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, अपंग, औद्योगिक कामगार आणि राज्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना त्याखाली विनामूल्य वकील मागता येतो. आपल्यातील बरेच चालक यात बसतात. परंतु खुनाच्या खटल्यासाठी हा वकील मिळतो असे लोकांना वाटते. चलनासाठीही तो मागता येतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. ही चूक सरकारची आहे तशी आपलीही आहे.

आता थोडे आत्मपरीक्षण. मद्य पिऊन वाहन चालवणाऱ्याची, रस्त्यावरच्या पादचाऱ्याच्या जिवाशी खेळणाऱ्याची वकिली मी करायला आलेलो नाही. रस्त्यावर मरणारे बहुतेक पायी आणि दुचाकीवर चालणारे गरीबच असतात. दंड असावा, कडक असावा. परंतु तो ज्याने गुन्हा केला त्याला व्हावा आणि त्याचे ऐकून घेतल्यावर व्हावा. एवढी मागणी करताना आपण स्वतः नियम पाळतो की नाही, हे आपल्या संघटनेने प्रथम तपासले पाहिजे.

संघटनेची ताकद किती असते, हे आपण पाहिले आहे. नव्या फौजदारी कायद्यातील अपघात करून पळून जाण्याविषयीच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रक उभे राहिले. दोन दिवसांत सरकारला चर्चेला बसावे लागले आणि १ जुलै २०२४ ला तो कायदा आला तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवूनच आला. परंतु त्या दोन दिवसांत मालक आणि चालक यांचे हित एका बाजूला होते. रोजच्या चलनात तसे नाही. तिथे मालक प्रकरण लवकर मिटवू पाहतो आणि चालक एकटा पडतो. म्हणून हे काम वाहतूकदारांच्या संघटनांवर सोडून भागणार नाही. ते आपणच केले पाहिजे.

मी चार गोष्टी सुचवतो. पहिली, जिंतूरला आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, चालकांसाठी कायदा मदत केंद्र चालवावे. तिथे एक वही असावी आणि प्रत्येक चलन, कलम, ठिकाण, रक्कम, पावती मिळाली की नाही, याची नोंद व्हावी. वर्षभराची वही हाती असेल तर आपण निवेदन न देता हिशेब देऊ, आणि हिशेबाला उत्तर द्यावे लागते. दुसरी, प्रत्येक चालकाजवळ एक कार्ड असावे. पावतीशिवाय पैसे देऊ नयेत, लायसन घेतले तर पोच मागावी, वजनाची चिठ्ठी मागावी, न समजणाऱ्या कागदाचा फोटो काढून केंद्राकडे पाठवावा, अडचणीत १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर फोन करावा, एवढेच त्यावर असावे. तिसरी, निजामाबाद, आदिलाबाद, बिदर, कलबुर्गी येथील समविचारी वकिलांशी आणि कामगार कार्यकर्त्यांशी संपर्क साधावा. आपल्या चालकासाठी त्यांनी उभे राहावे आणि त्यांच्या चालकासाठी परभणीत आपण. चौथी, सरकारकडे आपली मागणी एकच असावी: चलन अमान्य असणाऱ्या चालकाची सुनावणी त्याच्या तालुक्याच्या न्यायालयातून दृक्‌श्राव्य पद्धतीने व्हावी आणि समन्स त्याच्या भाषेत मिळावे.

हे काम लहान आहे असे काहींना वाटेल. भूमीच्या फेरवाटपाचे, सहकाराचे, रोजगार हमीचे मोठे लढे लढलेल्या चळवळीने चलनाच्या पावत्या गोळा कराव्यात काय? मला वाटते, कराव्यात. रोजगार हमीच्या लढ्यातही मस्टरवरील एकेक नाव तपासणारे कार्यकर्ते होते, म्हणून तो कायदा खेड्यापर्यंत पोचला.

माझ्या विद्यार्थ्याच्या त्या भावाला मी काल या बैठकीबद्दल सांगितले. तो आज भाडे घेऊन गेला आहे, म्हणून येऊ शकला नाही. भरलेले दोन हजार त्याला परत मिळणार नाहीत. परंतु पुढचे चलन आले तर ‘हे मला मान्य नाही’ असे म्हणायला तो तयार आहे. त्या वेळी त्याच्याबरोबर कोण उभे राहणार, एवढे आज आपण ठरवून उठावे, ही माझी विनंती आहे.