कशावरून?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या त्या छंदाबद्दल दहा-पंधरा मिनिटं बोल." मी विचारलं, "कोणत्या?" तर म्हणाले, "तेच रे, जुन्या व्हिडिओ गेमच्या तारखा शोधतोस ना?" म्हणजे बातमी इथपर्यंत पोचली आहे. घरी मात्र या छंदाला अजून "रिकामटेकडेपणा" हेच नाव आहे.

आठवतं का बघा. नव्वदच्या दशकातली उन्हाळ्याची सुट्टी. आपल्या वर्गातल्या एकाच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला होता. आपण दहा-बारा जण त्याच्या दारात रांग लावून बसायचो. त्यात घालायच्या पिवळ्या डबीला आपण "कॅसेट" म्हणायचो. तिच्यावर "९९९९ इन १" असं छापलेलं असायचं आणि आत खरे गेम निघायचे चार-पाच. बाकीचे सगळे तेच, नाव बदलून! तो माझा छापील मजकुरावरच्या अविश्वासाचा पहिला धडा. दुसरा धडा आपल्या इतिहासाच्या सरांनी दिला, त्याच्याकडे शेवटी येतो.

त्या कॅसेटचं खरं नाव कार्ट्रिज. आत एक चिप असते, तिच्यात गेम कायमचा कोरलेला असतो. अशी बदलता येणारी चिपवाली कॅसेट घरच्या यंत्रात पहिल्यांदा आली ती अमेरिकेत, १९७६च्या नोव्हेंबरमध्ये. फेअरचाइल्ड कंपनीचं चॅनेल एफ हे ते यंत्र. ते घडवणाऱ्या गटाचे प्रमुख जेरी लॉसन नावाचे कृष्णवर्णीय अभियंते होते. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये अटारीचं यंत्र नऊ कॅसेटसह बाजारात आलं आणि पाच-सहा वर्षांत शेकडो कॅसेट निघाल्या. काही मोठ्या कंपन्यांच्या, काही अशा कंपन्यांच्या की ज्यांचं आयुष्य एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंतही नव्हतं.

माझं काम एवढंच: यातली अमुक कॅसेट दुकानात नेमकी कधी आली?

तुम्ही म्हणाल, यात काय शोधायचं? सिनेमा शुक्रवारी लागतो, तसा गेमलाही दिवस असेल. नव्हता. त्या काळी "प्रकाशनाचा दिवस" ही कल्पनाच या धंद्यात रुजली नव्हती. कारखान्यातून माल निघायचा, गोदामात जायचा, ट्रकने गावोगाव पोचायचा. एका शहरातल्या दुकानात आज, तर दुसऱ्या शहरात तीन आठवड्यांनी. दुकानदार खोका फोडून माल मांडणीवर लावायचा. तारीख लिहून ठेवायची गरज कोणाला होती? गाजावाजा झाला तिथेही घोळच. अटारीच्या पॅक-मॅनसाठी कंपनीने ३ एप्रिल १९८२ हा दिवस थाटात साजरा केला. पण कॅसेट मार्च महिन्यातच दुकानांत आली होती. म्हणजे बारसं नंतर, जन्म आधी.

जन्मतारखेवरून सांगतो. माझ्या वडिलांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. इथे बसलेल्या सरांपैकी कितीजण ३१ मे रोजी निवृत्त झाले, हात वर करा बघू! (हशा.) कारण सगळ्यांना माहीत आहे. शाळेत नाव घालताना आईवडिलांना तारीख सांगता यायची नाही. मग गुरुजी वय अंदाजाने धरून १ जून लिहायचे. आजी सांगायची, "हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा." म्हणजे जन्म श्रावण-भाद्रपदातला. पण रजिस्टरात १ जून लागलं ते दाखल्यावर गेलं, नोकरीत गेलं, पेन्शनच्या कागदांवर गेलं. आज त्यांच्या वाढदिवसाला बँकेचा शुभेच्छा-संदेश येतो तोही १ जूनला.

जुन्या कॅसेटच्या याद्यांमध्ये असे शेकडो "१ जून" आहेत. कोणीतरी रकाना रिकामा नको म्हणून काहीतरी भरलं, दुसऱ्याने ते उतरवून घेतलं, तिसऱ्याने त्या दोघांचा दाखला दिला. दहा ठिकाणी तीच तारीख दिसली की आपल्याला वाटतं दहा साक्षीदार आहेत. साक्षीदार एकच असतो, आणि त्यानेही काही पाहिलेलं नसतं.

मग आम्ही काय बघतो? पहिला पुरावा कॅसेटवरच असतो. लेबलवर कॉपीराइटचं साल छापलेलं असतं. पण ते नुसतं साल. डिसेंबरात छापलेलं लेबल फेब्रुवारीत दुकानात जाऊ शकतं. दुसरा पुरावा आतला. स्क्रू काढून उघडलं तर चिपवर चार आकडे असतात, समजा ८२३५. त्याचा अर्थ १९८२ सालचा पस्तिसावा आठवडा, म्हणजे ऑगस्टची अखेर. ही चिप तयार झाल्याची वेळ. त्यामुळे ती विशिष्ट कॅसेट त्याच्या आधीची असूच शकत नाही, एवढं पक्कं कळतं. किती नंतरची, ते कळत नाही.

तिसरा पुरावा मासिकं. त्यात एक मेख आहे. मुखपृष्ठावर जो महिना असतो, त्याच्या बऱ्याच आधी अंक बाजारात येतो, आणि मजकूर त्याच्याही आधी लिहिलेला असतो. आपल्या दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यात चालतं तसंच. चौथा, व्यापारी प्रदर्शनं. जानेवारीत लास व्हेगासला आणि जूनमध्ये शिकागोला मोठं प्रदर्शन भरायचं. तिथे दाखवलेला गेम कधी सहा महिन्यांनी यायचा, कधी कधीच नाही. पाचवा, कॉपीराइट नोंदणीचे अर्ज. त्यात पहिल्या प्रकाशनाची तारीख लिहावी लागते. पण ती कंपनीच भरते, आणि छोट्या कंपन्या पुष्कळदा नोंदणी करतच नसत.

मला सर्वांत आवडतो तो सहावा पुरावा: गावोगावच्या वर्तमानपत्रांतल्या दुकानांच्या जाहिराती. "आमच्याकडे आली आहे, किंमत इतकी, साठा मर्यादित." जाहिरात देणाऱ्याला इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला माल खपवायचा होता. म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येतो.

काही कॅसेट तर दुकानात आल्याच नाहीत. १९८३ मध्ये कुत्र्यांचं खाणं विकणाऱ्या प्युरिना कंपनीने "चेस द चक वॅगन" नावाचा गेम काढला. खाण्याच्या पाकिटावरचे खरेदीचे पुरावे पाठवायचे, मग गेम टपालाने घरी. आता याची प्रकाशन तारीख कोणती म्हणायची? जाहिरात आली तो दिवस, की पोस्टमनने दार वाजवलं तो? दुसरी एक कॅसेट, "रेड सी क्रॉसिंग", बायबलमधल्या गोष्टीवरची. ती होती हेच संग्राहकांना पंचवीसेक वर्षं माहीत नव्हतं. २००७ मध्ये कोणाच्या तरी घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत एक प्रत सापडली. तिच्या काळाचा धागा मिळाला तो "ख्रिश्चॅनिटी टुडे" या मासिकातल्या १९८३च्या जाहिरातीत. व्हिडिओ गेमच्या मासिकांत शोधणाऱ्यांना तो मिळणारच नव्हता.

आणि हे फक्त अप्रसिद्ध गेमचं नाही. आपण सगळ्यांनी खेळलेला सुपर मारिओ ब्रदर्स घ्या. जपानमध्ये तो १३ सप्टेंबर १९८५ रोजी आला, हे पक्कं. पण अमेरिकेत कधी? कोणी ऑक्टोबर १९८५ म्हणतं, कोणी नोव्हेंबर, कोणी पुढचं साल. २०१२ मध्ये फ्रँक सिफाल्डी या अभ्यासकाने सगळे पुरावे तपासून लिहिलं की ही तारीख आपल्याला सिद्ध करता येत नाही. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या गेमची ही कथा, तर बाकीच्यांचं काय!

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बुडालेल्या छोट्या कंपनीच्या कॅसेटची चिप मी पाहिली, आठवडा मोजला आणि उत्साहाच्या भरात तो महिनाच प्रकाशनाचा म्हणून लिहून टाकला. "चिपवरून अंदाज" एवढे दोन शब्द लिहायचे राहिले. लोकांनी ते उचललं. वर्षभराने मलाच एका वर्तमानपत्रात दुकानाची जाहिरात सापडली, मी दिलेल्या महिन्यानंतर पाच महिन्यांची. त्यात त्याच कॅसेटपुढे लिहिलं होतं, "लवकरच येत आहे." मी माझी नोंद दुरुस्त केली, माफीही मागितली. पण ती चुकीची तारीख आजही फिरते आहे. दोन ठिकाणी तर मी ती खोडायला सांगितली तेव्हा मला पुरावा म्हणून माझीच जुनी नोंद दाखवण्यात आली. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या १ जून लिहिणाऱ्या गुरुजींची जबाबदारी कळली.

कोणी विचारेल, पाच महिने इकडे-तिकडे झाले तर कोणाचं काय बिघडलं? बिघडतं. त्या काळी गेम लिहिणाऱ्याचं नाव कंपन्या छापत नसत. अटारीच्या "ॲडव्हेंचर" या गेममध्ये वॉरन रॉबिनेट याने एक गुप्त खोली करून आपलं नाव लपवून ठेवलं. ते पहिलं लपवलेलं नाव अशी त्याची ख्याती झाली. मग २००४ मध्ये चॅनेल एफच्या "व्हिडिओ व्हिझबॉल" या कॅसेटमध्ये तिच्या कर्त्याचं, ब्रॅड रीड-सेल्थचं आडनाव लपलेलं सापडलं. ती कॅसेट १९७८ची, म्हणजे ॲडव्हेंचरच्या आधीची. ज्या माणसाचं नाव खोक्यावर नव्हतं, त्याचा मान पंचवीस वर्षांनी त्याला मिळाला. त्यानंतर २०१७ मध्ये नाण्यावर चालणाऱ्या १९७७ सालच्या एका यंत्रातही असाच निरोप निघाला, म्हणजे मान आणखी मागे सरकला. या सगळ्याचा निकाल लागतो तो तारखेवर. जेरी लॉसन तर २०११च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांचा जाहीर सन्मान झाला तो त्याच्या जेमतेम महिनाभर आधी. प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. विचारायचं तर आज विचारावं लागतं.

आता सरांकडे येतो. नववीत सहामाहीच्या पेपरात मी एका लढाईची तारीख ठोकून दिली होती. ती बरोबर होती, तरी सरांनी समासात लाल शाईने लिहिलं, "कशावरून?" मी तावातावाने विचारायला गेलो. सर म्हणाले, "गाइडात आहे म्हणून लिहिलंस. गाइडवाल्याने कशावरून लिहिलं?" तेव्हा राग आला होता. आज माझ्या प्रत्येक नोंदीत तारखेच्या शेजारी एक रकाना असतो आणि त्याचं नाव "कशावरून" असंच आहे. तो रिकामा असेल तर मी तारीखही रिकामी ठेवतो. सर आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, उत्तर द्यायला उशीर झाला, पण दिलं.

जाता जाता एक विनंती. या मेळाव्यासाठी तुम्ही सगळ्यांनी जुने फोटो आणले आहेत. काल ते पाहताना सहलीच्या एका फोटोवरून अर्धा तास वाद झाला, आठवीतली सहल की नववीतली? त्या सहलीला बरोबर आलेल्या बाई इथे होत्या, म्हणून वाद मिटला. घरी गेल्यावर प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलने तीन गोष्टी लिहा: कोण, कुठे, कधी. "कधी" नक्की माहीत नसेल तर "अंदाजे" लिहायला लाजू नका. आणि ज्यांना माहीत आहे त्यांना फोन करा.

मीही या वेळी वडिलांच्या वाढदिवसाचं ठरवलं आहे. १ जूनचा संदेश बँकेकडून येईलच. पुरणपोळी मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. कशावरून? आजीने सांगितलं होतं यावरून.