वेड लागणे आणि वेडा असणे



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी एका शब्दावर बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते जिनिंग-प्रेसच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयात जुन्या कोशांच्या संगतीत झाले. पंडिताची भाषा मला येत नाही. परंतु एका शब्दापायी माणसाची भाकर कशी जाते हे मी पाहिले आहे, आणि तेवढ्याच अधिकारावर मी आपल्यापुढे उभा आहे.

शब्द आहे 'मॅनिया'. इंग्रजीने तो ग्रीकांकडून घेतला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वेड, बेभानपणा, आवेश. त्याच्या मुळाशी जो धातू आहे, तोच आपल्या संस्कृतातला 'मन्', म्हणजे विचार करणे. आपले मन, मती, मंत्र आणि 'राग' या अर्थाचा वैदिक शब्द 'मन्यु' ही सारी त्याच घरातली मंडळी. म्हणजे मॅनिया हा मनाचा चुलतभाऊ ठरला! वेड ही बाहेरून आलेली बला नसून मनाचीच एक अवस्था आहे, ही गोष्ट शब्दाच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेली आहे.

आपल्या नेहमीच्या शब्दांची जन्मपत्रिका मात्र निराळी आहे. 'पिसा' आणि 'पिसाट' पिशाचावरून आले. 'दिवाना' फारसी, त्यातला 'दीव' म्हणजे राक्षस. गंमत अशी की हा दीव आणि आपला देव मुळात एकच. इराणात तो दैत्य झाला. अरबीतला 'मजनून' म्हणजे ज्याला जिन्नाने पछाडले तो. तीन भाषा, पण निदान एकच : कोणीतरी अंगात शिरले आहे. या उलट चरकसंहिता उघडून पाहा. तिथे आगंतुक उन्माद सांगितला आहे खरा. परंतु त्याच्याबरोबर वात, पित्त, कफ आणि तिन्हींच्या सन्निपाताने होणारे चार उन्मादही सांगितले आहेत. मन, बुद्धी, स्मृती, शील, आचार यांचा विभ्रम म्हणजे उन्माद, अशी तिथली व्याख्या आहे. आपल्याच वैद्याने इतक्या पूर्वी त्याला रोगाच्या यादीत बसविले होते.

परंतु वेड म्हणजे केवळ रोग असेही नाही. आई लेकराला 'वेडा कुठला' म्हणते तेव्हा ती शिवी नसते. प्लेटोने 'फीड्रस' या संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडून चार दैवी वेडे सांगितली आहेत : भविष्यवेत्त्याचे, धार्मिक विधीतले, कवीचे आणि प्रेमिकाचे. आपल्या जिल्ह्याला हे ग्रीसकडून शिकायला नको. १८७८ साली शेगावी टाकलेल्या पत्रावळीवरची शिते वेचणारा पुरुष लोकांनी पाहिला, तेव्हा हा पिसा तर नव्हे, ही शंका पाहणाऱ्यांच्या मनात आलीच होती. पुढे त्याच पुरुषाच्या पायांशी सारे वऱ्हाड लोटले.

आता या शब्दाचा तिसरा अर्थ पाहा : गर्दीचे वेड. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाडचा कापूसही त्याच वाटेने जात होता. पैशाचा पूर आला तेव्हा मुंबईत रोज नवी कंपनी निघू लागली. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. १८६५ साली अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. इतिहासात या प्रकाराला 'शेअर मॅनिया' हेच नाव आहे. आता योगायोग पाहा. नागपूरचे मनोरुग्णालय स्थापन झाले ते १८६४ साली, म्हणजे मुंबईत हे वेड ऐन भरात होते तेव्हा. त्या सट्टेबाजांपैकी कोणाला तिकडे पाठविल्याचे माझ्या वाचनात नाही. श्रीमंताच्या वेडाला बाजारात 'तेजी' म्हणतात!

आणि गरिबाच्या मागणीला म्हणतात 'खूळ'. हजेरीची नोंद करा, दुखापतीची भरपाई द्या, एवढेच आम्ही मागितले, तेव्हा 'हे युनियनचे खूळ कुठून काढले?' असे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांसाठी आठवड्यातून एक सुट्टी मागितली. १० जून १८९० रोजी ती मिळाली. आज रविवारी दुपारी पाय पसरून झोपणाऱ्या कोणाला ती मागणी वेडेपणाची वाटेल काय?

आता रोगाकडे येतो. वैद्यकात मॅनिया म्हणजे मन अकारण उधाणते तो विकार. रोगी दिवसेंदिवस झोपत नाही आणि तरी थकत नाही. बोलणे थांबत नाही. बेत आभाळाएवढे होतात. हातातला पैसा वाऱ्यावर जातो. बऱ्याच जणांत हे उधाण ओसरते आणि मागून खोल उदासी येते. जॉन केड या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टराने १९४९ साली दाखवून दिले की लिथियमच्या क्षाराने हे उधाण आवरते. रक्त तपासत तपासत ते औषध आजही दिले जाते.

आमच्या प्रेसमधल्या एका गड्याला ऐन हंगामात हे झाले. त्याने हंगामाची उचल रस्त्यात वाटली आणि मीच आता प्रेस विकत घेतो म्हणू लागला. पहिले दोन दिवस लोक हसले, तिसऱ्या दिवशी त्याला दोरखंडाने बांधले. मालकाने नाव कमी केले. घरच्या बाईने त्याला पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेले. मी त्या माऊलीला हसणार नाही. सगळी दारे बंद झाली तेव्हा जिथे कोणी जात विचारत नाही असे एक दार तिला उघडे दिसले. आमचे म्हणणे एवढेच होते की दुव्याबरोबर दवाही घे. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मनोविकारांचे डॉक्टर याच रीतीने काम करू लागले. आमच्या गड्याला सरकारी दवाखान्यात औषध सुरू झाले. युनियनने वर्षभर भांडून त्याला कामावर परत घेतले. यंत्रावर नव्हे, गाठी मोजण्यावर. गाठींची मोजणी त्याची कधी चुकत नाही. तरी फाटकाशी अजून कोणी विचारते, 'तो वेडा आज आला का?'

क्षयाचा रोगी बरा झाला की लोक त्याला नावाने हाक मारतात. यालाच का नाही?

कायद्याने आपली भाषा सुधारली आहे. १९१२ चा कायदा 'ल्यूनसी'चा, म्हणजे चंद्राच्या फेऱ्याने येणाऱ्या वेडाचा होता. १९८७ च्या कायद्यात 'मानसिक आरोग्य' हा शब्द आला. मध्यंतरी, २००१ साली, तामिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि शरीराच्या रोगाप्रमाणेच मनाच्या रोगालाही विमा देण्याची सक्ती केली. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी मदत फुकट मिळते. नावात पुन्हा तेच मन आहे, हे आपल्या ध्यानात आले असेलच.

कायदा सुधारला, राहिली आपली जीभ. तिला नवे काही शिकवायला नको, कारण मराठीत सोय आधीच आहे. आपण म्हणतो, भूक लागली, ठेच लागली, आग लागली. तसेच म्हणतो, वेड लागले. जे लागते ते सुटू शकते. भूक भागते, ठेच बरी होते, आग विझते. परंतु 'तो वेडा आहे' म्हटले की रोग संपतो आणि माणसाची जात सुरू होते. तेव्हा माझे मागणे एवढेच : क्रियापद ठेवा, विशेषण सोडा. ज्याला लागले आहे त्याला दवाखान्यात न्या, त्याची जागा राखून ठेवा, आणि तो परत आला की त्याला त्याच्या नावाने हाक मारा.