निखळलेलें चाक

धुळ्याजवळ गोंदूरच्या विमानतळावर वैमानिक होऊं पाहणारे विद्यार्थी लहान विमानें उडवीत असतात. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं तीं पाहिलीं असतील, त्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं, आकाशांत फिरतांनाहि त्यांचीं चाकें खालीं लोंबतच असतात. तीं पोटांत घेण्याची व्यवस्थाच अशा शिकाऊ विमानांत बहुधा नसते. जळगांवास उतरणारीं प्रवासी विमानें मात्र जमीन सुटतांच चाकें आंत ओढून घेतात, कारण उघड्या पायांना वारा अडतो व इंधन व्यर्थ खर्च होतें. ही सोय मोठी खरी, पण तिच्याबरोबर एक चिंताहि आली. आंत गेलेलीं चाकें वेळेवर व धड बाहेर आलीं कीं नाहीं, हें वैमानिकाला सहसा आपल्या आसनावरून दिसत नाहीं. त्याच्यापुढें तीन हिरवे दिवे असतात. तिन्ही लागले, म्हणजे तिन्ही पाय खालीं येऊन पक्के बसले, असें त्यानें समजावयाचें. परंतु त्या पायाच्या टोकाला चाक आहे कीं नाहीं, याविषयीं दिवा मुका असतो.

६ मे २०२१ रोजीं नागपुरास नेमका हाच प्रसंग आला. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस. रोग्यांची ने-आण करणारें, दोन इंजिनांचें बीचक्राफ्ट जातीचें एक लहान विमान धांवपट्टीवरून उठत असतां त्याचें एक चाक निखळून खालीं पडलें. आंत वैमानिकांसह पांच माणसें. त्यांत एक रोगी व एक डॉक्टर. पहाऱ्यावरील केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका शिपायास चाक पडतांना दिसलें व त्यानें तें तत्काळ कळविलें. पुढें वैमानिकाची सर्वत्र वाखाणणी झाली, ती रास्तच होती. परंतु तो शिपाई त्या क्षणीं दुसरीकडे पाहत असता तर काय झालें असतें, कोण जाणे!

कॅप्टन केसरीसिंग यांच्यापुढें आतां खरा पेंच होता. या जातीच्या विमानाच्या दोन मुख्य पायांना एकेकच चाक असतें. तें गेलें म्हणजे उरला नुसता लोखंडी दांडा. त्यावर उतरावें, तर तो बाजू खचवून विमान गरकन फिरविणार. म्हणून चाकें बाहेर न काढतां पोटावरच उतरावयाचें ठरलें. यांत विमानाची नासाडी होते, हें ठाऊक असूनच वैमानिक तें पत्करतात. विमान मुंबईकडे वळविण्यांत आलें. तेथील मोठी धांवपट्टी जळगांवच्या धांवपट्टीच्या जवळजवळ दुप्पट लांब, आणि आगीचे बंबहि भरपूर. वाटेंत जळेल तितकें इंधन हलकें होणार, हा आणखी एक लाभ. मुंबईच्या लोकांनीं धांवपट्टीवर फेंस पसरून ठेवला. अशा फेंसाचा उपयोग किती, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. पण ठिणगीचें भय असतां हात बांधून बसणें कोणास रुचेल? रात्रीं नऊच्या सुमारास विमान फेंसावरून पोटानें घसरत गेलें व थांबलें. पांचहि जण सुखरूप बाहेर आले.

अशाच दुखण्यावर उलट उपाय योजण्याची वेळ १२ सप्टेंबर २०२५ रोजीं आली. कांडल्याहून मुंबईस निघालेल्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानांतून कांहीं काळी वस्तु पडतांना मनोऱ्यावरील नियंत्रकास दिसली. गाडी पाठवून पाहतात तों धांवपट्टीवर चाक! विमानांत पंचाहत्तर प्रवासी होते. मात्र या विमानाच्या प्रत्येक मुख्य पायाला, जळगांवास आलेल्या एटीआर विमानांप्रमाणेंच, चाकांची जोडी असते. बाहेरचें गेलें तरी जोडीचें आंतलें शाबूत होतें. तेव्हां येथें चाकें पोटांत ठेवण्याचें कारण नव्हतें. पाय खालीं सोडून, उरलेल्या चाकावर भार अलगद टेकवावयाचा होता. मुंबईच्या विमानतळावर संपूर्ण आणीबाणी पुकारण्यांत आली. विमान नीट उतरलें, आणि मग कोणी न ओढतां आपल्याच चाकांवर प्रवासी उतरावयाच्या जागेपर्यंत गेलें. प्रवासी नेहमींसारखेच खालीं उतरले.