श्वासाचा हिशेब

सोलापूरच्या गिरण्यांत ज्यांची उमेद कापसाच्या धुळीत गेली, त्यांचा खोकला आम्ही माढेकर विडीच्या माथी मारून मोकळे होतो. हा अन्याय आहे.

छातीतील हवा मोजण्याचे यंत्र लंडनच्या डॉ. जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली जगापुढे मांडले. आयुर्विम्यासाठी त्याचा उपयोग त्यांनी तेव्हाच ओळखला होता. श्वास आणि पैसा यांची गाठ अशी जुनी आहे. आज जोराने फुंकर मारली, की दोन आकडे मिळतात: एकूण हवा, आणि पहिल्या सेकंदातील हवा.

अमेरिकेत बिलावर साध्या फुंकरीला ९४०१० हा क्रमांक, तर औषधापूर्वी व नंतर अशा दुहेरी तपासणीला ९४०६०. क्रमांक चुकला, की पैसे अडतात. आमच्याकडेही कागदाशिवाय दाद नाही. कापसाच्या धुळीचा विकार, बिसिनोसिस, नुकसानभरपाईच्या कायद्याने धंद्यातून होणारा रोग मानला आहे. पण कायद्यापुढे नुसता खोकला उभा राहत नाही.

म्हणून फुंकर मारून तसेच उठू नये. तपासणीचे नाव, दोन्ही आकडे, तारीख आणि आपण कोणते काम किती वर्षे केले, हे लिहवून घ्यावे. गेलेला श्वास परत येत नाही. त्याचा हिशेब तरी बुडू देऊ नये.