आधी आईचे ताट
(करंजा येथे गावकऱ्यांपुढे दिलेले भाषण)



आज मी साखरेच्या आजाराविषयी बोलणार आहे. पुस्तकात त्याला मधुमेह म्हणतात. गावात आपण ‘शुगर’ म्हणतो. नाव कोणतेही घ्या, आजार एकच.

हा आजार कोणाला होतो? असे विचारले की बहुतेक जण सांगतात, “तो खाऊनपिऊन सुखी माणसाला होतो. गादीवर बसणाऱ्या शेटजीला होतो. आम्ही दर्यावर जाणारी माणसे. आमच्या अंगावर मांस नाही. आम्हांला कुठली शुगर?”

हा समज खरा आहे का, ते आज पाहू.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद ही सरकारी संस्था आहे. तिने देशभर माणसांचे रक्त तपासले. त्या पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. आपल्या देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. एवढे शेटजी आपल्या देशात आहेत काय? नाहीत. म्हणजे हा आजार गरिबाच्या घरातही शिरला आहे. शहरात शिरला आणि खेड्यातही शिरला.

साखर रक्तात का साठते?

आपण भात खातो, भाकर खातो. पोटात गेल्यावर त्याची साखर बनते. ही साखर रक्तात उतरते. रक्तातून ती सगळ्या अंगाला मिळायला हवी. त्या साखरेवरच आपले हात-पाय चालतात.

करंजाच्या माणसांना हे सांगायला सोपे आहे. होडी बंदराला लागली. मासळी उतरली. आता ती उचलून नेणारा माणूस हवा आणि ती घेणारे घर हवे. दोन्ही असले तर मासळी वेळेवर पोचते. उचलणारा दमला किंवा घराचे दार उघडेना, तर मासळी धक्क्यावर पडून राहते आणि नासते.

अंगात साखर उचलून नेण्याचे काम इन्शुलिन नावाचा रस करतो. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक अवयव आहे. तिथे हा रस तयार होतो. साखर घेणारे सगळ्यांत मोठे घर म्हणजे आपले स्नायू. दंड, मांड्या, पोटऱ्या यांतले मांस म्हणजेच स्नायू. स्नायू थोडे असले की साखरेला जागा थोडी. पोटाच्या आत चरबी साठली की घरांची दारे नीट उघडत नाहीत. मग साखर रक्तातच राहते. वर्षानुवर्षे ती तशीच राहिली की डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पायांच्या शिरा खराब होतात.

दोन डॉक्टरांची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, “चरबी तर जाड माणसाला असते. बारीक माणसाला कुठून?”

त्यासाठी एक खरी गोष्ट ऐका. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी या आजाराचा पुष्कळ वर्षे अभ्यास केला आहे. त्यांचे एक मित्र आहेत लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन. दोघेही अंगाने बारीक. उंचीच्या मानाने दोघांचे वजन काढले, तर ते अगदी सारखे भरले. मग यंत्राने दोघांच्या अंगातली चरबी मोजली. लंडनच्या डॉक्टरांच्या अंगात शंभरात 9 भाग चरबी निघाली. पुण्याच्या डॉक्टरांच्या अंगात 21 भाग निघाली. दोघांचा फोटो आणि हे आकडे 2004 साली डॉक्टरांच्या एका मोठ्या नियतकालिकात छापून आले.

वजनाच्या काट्याला दोघे सारखे. पण आतला माल वेगळा. काटा फक्त वजन सांगतो. मांस किती आणि चरबी किती, हे तो सांगत नाही.

म्हणून बारीक माणसाने निर्धास्त राहू नये. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे, अशी माणसे आपण रोज पाहतो. त्यांनी तर जास्त जपायला हवे.

पुण्याजवळची सहा गावे

ही चरबी येते कधी? तरुणपणी? चाळिशीत? याचा शोध घ्यायला याज्ञिक आणि त्यांच्या सोबत्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केले. शेतकऱ्यांची गावे. बायका शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या. गरोदर होण्याआधी त्यांचे वजन सरासरी 42 किलोच्या आसपास. त्या काय खातात, किती काम करतात, हे लिहून ठेवले. बाळ जन्मले की त्याचे वजन केले. कातडी हलक्या चिमट्याने धरून तिची जाडी मोजली. त्यावरून चरबीचा अंदाज येतो.

त्यांनी ही बाळे इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून पाहिली. इंग्लंडचे बाळ साडेतीन किलोचे. आपले बाळ 2 किलो 700 ग्रॅमचे. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण चरबी? ती मात्र फारशी कमी नव्हती. बाळ दिसायला किरकोळ, पण त्या मानाने चरबी जास्त. म्हणजे ही गोष्ट आईच्या पोटातच ठरू लागते.

पुढे काय झाले? डॉक्टरांनी ती मुले सोडली नाहीत. ती 18 वर्षांची झाली तेव्हा 619 जणांचे रक्त तपासले. शंभर मुलग्यांत 37 जणांची आणि शंभर मुलींत 18 जणींची साखर वाढलेली निघाली. मधुमेह एकालाच होता. बाकीचे उंबरठ्यावर होते. आणि नीट ऐका, तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी मुले हडकुळी होती. त्यांचे वजन असायला हवे त्यापेक्षा कमी होते.

पावसाळ्याची बेगमी

असे का होते? डॉक्टरांचा कयास असा.

पावसाळ्यात दर्या बंद होतो. घरात पैसा कमी येतो. मग शहाणी बाई काय करते? आधीच सुकट, बोंबील, जवळा भरून ठेवते. जे अगदी हवेच त्यावर खर्च करते. बाकीचे पुढे ढकलते.

पोटातले बाळही तसेच करते. आईकडून अन्न कमी आले की ते आधी मेंदू सांभाळते. स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला कमी येते. आणि पुढच्या वाईट दिवसांसाठी थोडी चरबी जपून ठेवते. ही त्याची बेगमी.

पण पुढे दुष्काळ येतच नाही! मूल मोठे होते. घरात भात पोटभर असतो. दुकानात बिस्किटे, वेफर, बाटलीतले गोड पेय मिळते. अंगमेहनत मात्र कमी होते. पूर्वी होडी वल्ह्याने चाले, आता इंजिनाने चालते. मिठागरांवरची कामे कमी झाली. 1989 साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. रस्ते आले, गाड्या आल्या. ही सुखाची गोष्ट आहे. कोणी ती नको म्हणणार नाही. पण जे शरीर टंचाईसाठी घडले, त्याच्यावर सुबत्ता येऊन पडली. बेगमीवर बेगमी साठत गेली.

भात कमी, कालवण जास्त

मग खायचे काय?

2025 साली त्याच सरकारी परिषदेची दुसरी माहिती प्रसिद्ध झाली. जेवणातून अंगाला मिळणारी शक्ती एक रुपया धरा. त्यातले 62 पैसे भात, पोळी, भाकर आणि साखर अशा पदार्थांतून येतात. हे फार झाले. अंग बांधणारे अन्न कमी पडते. डाळ, कडधान्य, दूध, अंडी, मासळी हे अंग बांधणारे अन्न.

काही जण शुगर निघाली की भात सोडतात आणि चार चपात्या खातात. त्याने काम होत नाही. त्या पाहणीत हेच दिसले. तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा नाचणीचे पीठ आले, पण ढीग तेवढाच राहिला, तर धोका कमी होत नाही. ढीग लहान करायला हवा. दोन मुदी भात घेत असाल तर एक घ्या. उरलेल्या जागी वाटीभर डाळ, उसळ किंवा मासळी घ्या. सोबत पालेभाजी घ्या. सुकी मासळी चांगली, पण तिच्यात मीठ फार असते. म्हणून ती पाण्यात धुऊन मगच शिजवा.

आणि चाला. साखर घेणारे घर म्हणजे स्नायू, हे आपण पाहिले. चालले की त्या घराची दारे उघडतात. चेन्नईच्या डॉक्टरांनी उंबरठ्यावरची माणसे निवडली. काहींना खाण्यात बदल आणि रोज अर्धा तास चालणे सांगितले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवले. काहींना नेहमीचाच सल्ला दिला. तीन वर्षांनी पाहिले. नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या शंभरांपैकी 55 जणांना मधुमेह झाला. चालणाऱ्या-सांभाळणाऱ्या शंभरांपैकी 39 जणांना झाला. म्हणजे शंभरात 16 माणसे वाचली. उंबरठ्यावरून मागे फिरता येते, हे त्यावरून कळते.

सुनेचे ताट

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो.

आपल्याकडे घरात आधी कोण जेवते? कर्ता पुरुष. मग मुलगे. मग मुली आणि म्हातारी माणसे. सून शेवटी. पापलेट बाजारात जाते. घरी शिजलेला चांगला तुकडा कर्त्याच्या ताटात पडतो. सुनेच्या वाट्याला भात आणि कालवणाचा उरलेला रस. तिला कोणी मुद्दाम उपाशी ठेवत नाही. रीतच तशी पडली आहे.

त्या सहा गावांत काय दिसले, पाहा. ज्या गरोदर बायकांनी पालेभाजी आणि फळे जास्त वेळा खाल्ली, त्यांची बाळे अंगाने चांगली भरली. ज्यांना गरोदरपणात जड कामे फार करावी लागली, त्यांची बाळे लहान निघाली. आणखी एक गोष्ट. रक्ताला आणि मेंदूला लागणारे बी-बारा नावाचे एक जीवनसत्त्व आहे. ते दूध, अंडी, मासळी, मटण यांतूनच मिळते. त्या गावांतल्या तीन बायकांपैकी दोघींत ते कमी होते.

करंजाला देवाने दर्या दिला आहे. बी-बारा आपल्या दारात येते. त्यासाठी पापलेटच हवे असे नाही. बांगडा, मांदेली, बोंबील, करंदी चालते. शेवग्याचा पाला, माठ, चवळी परसात येते. वाण वस्तूची नाही. प्रश्न आहे तो ताटाचा. ते कोणाच्या ताटात पडते?

एखादी आजी म्हणेल, “आम्ही नाही का शिळेपाके खाऊन सहा-सहा पोरे वाढवली?” आजी, खरे आहे. तुम्ही वाढवलीत. यात तुमचा दोष नाही, आणि कोणत्याच आईचा दोष नाही. तुमच्या ताटात कमी पडले, तो तुमच्यावर झालेला अन्याय होता. तो तुमच्या नातीवर होऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

आणि दिवस गेल्यावरच खाऊ घालून भागत नाही. बाळाचे अवयव पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घडू लागतात. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचे नीट कळलेलेही नसते. म्हणून मुलगी दहा-बारा वर्षांची झाली की तेव्हापासून तिचे ताट सांभाळा. मुलग्याइतकेच तिला वाढा. भाताचे रोप दुबळे निघाले, तर लावणीनंतर कितीही खत घाला, पीक मनासारखे येत नाही. तुम्हांला हे मी सांगायला नको.

तपासणी करून घ्या

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. तिथे पैसे पडत नाहीत. उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून वर आली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच निघाली, तर तो मधुमेह. घरी दोरीने कंबर मोजा. पुरुषाची 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या वर गेली, तर जपा. गरोदर बाईची साखर तपासायलाच हवी. तिला मिळालेल्या लोहाच्या गोळ्या फडताळात ठेवू नका, तिला खायला लावा. ज्याला शुगर आहे त्याने ऐकीव गोष्टींवर औषध बंद करू नये. पायाला जखम झाली तर त्याच दिवशी दाखवावी.

मंडळी, आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? आई हा आड आहे. तिच्यात असेल तेच लेकराला मिळेल.

तेव्हा आज रात्री घरी जा. सगळे एकदम जेवायला बसा. जमले नाही, तर सुनेचे आणि मुलीचे ताट आधी वाढून झाकून ठेवा. त्यात भात थोडा असू द्या आणि मासळीचा चांगला तुकडा असू द्या. यासाठी कोणाला कर्ज काढावे लागणार नाही. फक्त पळी धरणाऱ्या हाताने एवढे ध्यानात ठेवायचे आहे.